बीबरची गाणी जगाच्या ओठांवर, पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर! गाण्याची मालकी म्हणजे काय, समजून घ्या

10 मे 2017 ची रात्र. नवी मुंबईत नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम पोरापोरींनी गच्च भरलेलं. कॅनडाचा 23 वर्षांचा गायक जस्टिन बीबर पहिल्यांदाच भारतात गायला आला होता. 'बेबी', 'व्हॉट डू यू मीन', 'लव्ह युवरसेल्फ', 'सॉरी' अशी एकेक गाणी सुरू झाली की पब्लिक त्याच्या आधीच ओळ म्हणायचं. तिथं जमलेल्यांपैकी कोणाला विचारलं असतं, की बाबा ही गाणी कोणाची? तर उत्तर एकच आलं असतं, बीबरची.

त्यानंतर सहा वर्षंही झाली नव्हती. जानेवारी 2023 मध्ये बातमी आली, की बीबरने आपल्या गाण्यांचे हक्क विकले. घेणारी कंपनी हिपनोसिस साँग्स कॅपिटल. तिच्यामागे ब्लॅकस्टोन या अमेरिकेच्या मोठ्या गुंतवणूक कंपनीचा पैसा. सौदा झाला सुमारे 20 कोटी डॉलरचा, म्हणजे तेव्हाच्या भावाने जवळपास 1600 कोटी रुपयांचा. 2021 च्या शेवटापर्यंत आलेल्या 290 हून जास्त गाण्यांमधला त्याचा हिस्सा या सौद्यात गेला. त्या वेळी बीबरचं वय होतं फक्त 28.

गाणं त्याने गायलं, चेहरा त्याचा, नाव त्याचं. मग विकलं तरी काय? आणि विकल्यावर त्याच्याकडे राहिलं काय?

हा प्रश्न कॅनडाचा असला तरी तो आपल्या गावापर्यंत येतो. आज तालुक्यातले कितीतरी पोट्टे मोबाईलवर गाणं तयार करतात, लग्नाचं, पोळ्याचं, गणपतीचं, डीजेचं. एखादं गाणं चाललं की कंपनीचा किंवा चॅनलवाल्याचा फोन येतो, "दादा, आमच्या चॅनलवर टाकतो, इथं सही करा." त्या सहीने काय जातं, हे सांगणारं तिथं कोणी नसतं. चला तर मग, बीबरच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यांवरूनच हा विषय समजून घेऊया.

एका गाण्याचे दोन सातबारे

शेतकऱ्याला हे सांगायला जास्त वेळ लागत नाही. आपण म्हणतो 'माझं वावर', पण तलाठ्याकडच्या सातबाऱ्यावर नाव कोणाचं आहे, हिस्सा किती आहे, बोजा किती आहे, त्यावर सगळं ठरतं. वावरात कोण राबतो हा प्रश्न वेगळा आणि मालक कोण हा वेगळा.

गाण्याचंही तसंच आहे. फरक एवढाच, की एका गाण्याचे दोन सातबारे असतात.

पहिला सातबारा शब्द आणि चालीचा. ज्याने गाणं लिहिलं आणि ज्याने चाल बांधली, त्यांची नावं यावर. गाणं कोणीही गायलं, कोणत्याही वाद्यावर वाजवलं, तरी याचे मालक तेच.

दुसरा सातबारा रेकॉर्डिंगचा. म्हणजे स्टुडिओत तयार झालेली ती नेमकी फाईल, जी आपण मोबाईलवर ऐकतो. याला धंद्यात 'मास्टर' म्हणतात. ज्याने रेकॉर्डिंगसाठी पैसा घातला, सहसा म्युझिक कंपनी, तिच्या नावावर हा असतो. गायकाला त्यातून करारात ठरलेला वाटा मिळतो, त्याला रॉयल्टी म्हणतात. वावर मालकाचं आणि आपण बटाईने केलेलं, असंच काहीसं.

तुम्ही स्पॉटिफाय किंवा यूट्यूबवर एखादं गाणं ऐकता, तेव्हा जाहिरातीचा किंवा वर्गणीचा पैसा गोळा होतो. त्यातला ठरलेला भाग ॲपवाला ठेवतो आणि बाकीचा या दोन्ही सातबाऱ्यांवरच्या मालकांकडे जातो. रेकॉर्डिंगच्या मालकाला मोठा वाटा, शब्द आणि चालीच्या मालकांना लहान. एका वेळच्या ऐकण्याचे पैसे अगदी पैशांत मोजावे एवढे. पण गाणं कोटीच्या कोटी वेळा वाजलं की थेंबाथेंबाने विहीर भरते.

आता बीबरची गाणी घेऊ.

'बेबी': 15 वर्षांच्या पोराचं गाणं, सातबाऱ्यावर पाच नावं

बीबरचा जन्म 1 मार्च 1994 चा. तो वाढला कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, स्ट्रॅटफर्ड नावाच्या गावात. गाव म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या ठिकाणाएवढं, तीसेक हजार वस्तीचं. आईने एकटीने त्याला वाढवलं, घरची परिस्थिती बेताची. ड्रम, गिटार, पियानो, ट्रम्पेट ही वाद्यं त्याने लहानपणीच हाताळली. गावातल्या नाटकगृहाच्या पायऱ्यांवर गिटार घेऊन तो गायचा आणि येणारे-जाणारे पैसे टाकायचे.

2007 मध्ये गावातल्या गाण्याच्या स्पर्धेत त्याने भाग घेतला. पहिला नंबर काही आला नाही. पण दूरच्या नातेवाइकांना पाहता यावं म्हणून आईने त्याच्या गाण्याचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकले. ती गाणी दुसऱ्यांची होती, बीबर फक्त ती गायचा. तेच व्हिडिओ स्कूटर ब्रॉन नावाच्या एका मॅनेजरच्या नजरेला पडले. आई सुरुवातीला तयार नव्हती, पण शेवटी दोघं मायलेक अमेरिकेत अटलांटाला गेले. प्रसिद्ध गायक अशरने त्याला हाताशी धरलं आणि 2008 मध्ये आयलँड रेकॉर्ड्स या कंपनीशी करार झाला. पोरगं 14 वर्षांचं होतं.

जानेवारी 2010 मध्ये 'बेबी' आलं. त्याच वर्षी जुलैमध्ये ते लेडी गागाचं गाणं मागं टाकून यूट्यूबवरचा सगळ्यात जास्त पाहिलेला व्हिडिओ झालं. नोव्हेंबर 2012 मध्ये कोरियाच्या 'गंगनम स्टाईल'ने त्याला मागं टाकेपर्यंत हा मान त्याच्याकडेच होता. गंमत म्हणजे सगळ्यात जास्त लोकांनी नापसंतीचा अंगठा दाबलेला व्हिडिओही कितीतरी वर्षं हाच होता. शिव्या देणारे आणि नाचणारे, दोघांनीही ते वाजवलंच. पैसा दोघांच्याही ऐकण्याचा जमा झाला.

पण 'बेबी' लिहिलं कोणी? नोंदीवर पाच नावं आहेत: बीबर, द-ड्रीम, ट्रिकी स्टीवर्ट, क्रिस्टिना मिलियन आणि मधला रॅप करणारा लुडाक्रिस. म्हणजे पहिल्या सातबाऱ्यावर पाच सहहिस्सेदार. दुसरा सातबारा, म्हणजे रेकॉर्डिंग, कंपनीकडे. जगाच्या दृष्टीने 'बीबरचं' असलेल्या या गाण्यात कागदावर बीबर हा पाचातला एक.

'सॉरी' आणि 'लव्ह युवरसेल्फ': व्हिडिओत गायकच नाही, गाणं मूळ दुसऱ्याचं

2013-14 ची वर्षं बीबरला वाईट गेली. भांडणं, कोर्ट, अटक, पेपरात रोज काही ना काही. लहान वयात पैसा आणि गर्दी दोन्ही अंगावर आली की काय होतं, ते सगळ्यांनी पाहिलं. लोक म्हणू लागले, संपला हा.

2015 मध्ये तो परत उभा राहिला. स्क्रिलेक्स आणि डिप्लो या डीजे मंडळींसोबतच्या 'व्हेअर आर यू नाऊ'ने त्याला पहिला ग्रॅमी पुरस्कार मिळवून दिला. मग 'व्हॉट डू यू मीन' आलं आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत त्याचं पहिलं एक नंबरचं गाणं ठरलं. 'बेबी' एवढं गाजूनही त्या यादीत पाचव्या नंबरच्या वर गेलं नव्हतं, हे पुष्कळांना माहीत नसतं.

त्यानंतर आलं 'सॉरी'. याचा रंगीबेरंगी कपड्यांतल्या पोरींच्या नाचाचा व्हिडिओ आपल्याकडंही शाळा-कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये हुबेहूब बसवला गेला. तो नाच न्यूझीलंडच्या पॅरिस गोबेलने बसवला आणि नाचणाऱ्या पोरीही तिकडच्याच. बीबर त्या व्हिडिओत कुठंच दिसत नाही. तरी तो व्हिडिओ 300 कोटींहून जास्त वेळा पाहिला गेला.

'लव्ह युवरसेल्फ'ची गोष्ट आणखी वेगळी. एका गिटारवर चालणारं हे शांत गाणं. ते एड शीरन या इंग्लंडच्या गायकाने बेनी ब्लँकोसोबत लिहिलं होतं. शीरनच्या स्वतःच्या अल्बममध्ये ते जाणार नव्हतं, पडूनच राहिलं असतं. ते बीबरला मिळालं आणि बिलबोर्डच्या 2016 च्या वर्षभराच्या यादीत एक नंबरला आलं. दोन नंबरला कोण? 'सॉरी'.

इथं लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की शीरनने गाणं दिलं म्हणजे दान केलं नाही. लिहिणाऱ्यांमध्ये त्याचं नाव कायम राहिलं. आज हे गाणं जगात कुठंही वाजलं की त्याच्या वाट्याचा हिशोब होतो. आपल्याकडं गावातला लिहिणारा पोरगा दोस्ताला गाणं लिहून देतो आणि व्हिडिओच्या खाली त्याचं नावही येत नाही. दोस्तीत चालतं म्हणतात. पण गाणं चाललं की दोस्ती मोडते आणि कागद तर कुठंच नसतो.

'डेस्पासितो': चार दिवसांचं काम, जन्मभराचा हिस्सा

हे गाणं बीबरचं नव्हतंच. लुईस फोन्सी आणि डॅडी यांकी या पोर्तो रिकोच्या गायकांनी ते जानेवारी 2017 मध्ये स्पॅनिशमध्ये आणलं. शब्द-चालीत एरिका एंडर हिचंही नाव आहे. दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यात कोलंबियातल्या एका क्लबमध्ये बीबरने ते ऐकलं, पब्लिक वेडं होऊन नाचताना पाहिलं आणि म्हणाला, मला यात गायचंय. काही दिवसांत रेकॉर्डिंग झालं आणि एप्रिल 2017 मध्ये नवी आवृत्ती बाहेर आली. बिलबोर्डवर ते गाणं 16 आठवडे एक नंबरला राहिलं आणि तेव्हाच्या विक्रमाची बरोबरी केली.

ज्या मूळ व्हिडिओने यूट्यूबवर 800 कोटींचा आकडा ओलांडला, त्यात बीबर नाही. तो फक्त नव्या आवृत्तीत आहे. त्या आवृत्तीत नवे शब्द घातले म्हणून लिहिणाऱ्यांमध्ये त्याचं आणि त्याच्या साथीदारांचं नाव वाढलं. मूळ तिघांची नावं जिथं होती तिथंच राहिली.

म्हणजे बघा, दुसऱ्याच्या वावरात चार दिवस राबून नुसती मजुरी घेता येते, नाही तर वाट्याने काम करून हिस्साही घेता येतो. कोणतं घ्यायचं ते कामाला हात लावायच्या आधी ठरवावं लागतं, पीक निघाल्यावर नाही.

'पीचेस' आणि 'स्टे': हिस्सेदारांची लांब यादी

मार्च 2021 मध्ये आलेलं 'पीचेस' बीबरने डॅनियल सीझर आणि गिव्हिऑन यांच्यासोबत गायलं. आलं तेच एक नंबरला. याच्या लिहिणाऱ्यांच्या यादीत दहाहून जास्त नावं आहेत. तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं आणि एवढे वाटेकरी! आपल्याकडं वडिलोपार्जित दोन एकराच्या सातबाऱ्यावर भाऊ, बहिणी, पुतणे मिळून दहा नावं असतात, तसंच.

त्याच वर्षी जुलैमध्ये 'स्टे' आलं. ऑस्ट्रेलियाचा द किड लॅरॉय हा तेव्हा 17 वर्षांचा पोरगा यात मुख्य गायक आणि बीबर जोडीला. सात आठवडे एक नंबर. स्पॉटिफायवर जगात सगळ्यात जास्त ऐकल्या गेलेल्या गाण्यांमध्ये याची गणती होते, आकडा 300 कोटींच्या पुढे. पण रेकॉर्डिंग निघालं ते लॅरॉयच्या कोलंबिया रेकॉर्ड्स या कंपनीकडून, बीबरच्या कंपनीकडून नाही.

पुढच्याच वर्षी, जून 2022 मध्ये, बीबरने स्वतः व्हिडिओ टाकून सांगितलं, की रॅमसे हंट सिंड्रोम नावाच्या आजाराने त्याचा अर्धा चेहरा लुळा पडलाय. एका बाजूचा डोळा मिटत नव्हता. दौरे थांबले. त्या ऑक्टोबरात दिल्लीत ठरलेला कार्यक्रमही रद्द झाला. स्टेजवर उभं राहता येत नसेल तर स्टेजचा पैसा बंद. अशा वेळी गायकाला हात देतात ती त्याची जुनी गाणी, तो झोपलेला असतानाही वाजत राहणारी.

आणि त्यानंतर सहा-सात महिन्यांनी तीच जुनी गाणी विकल्याची बातमी आली.

बाग उक्ती दिली म्हणजे चूक केली का?

वरुड-मोर्शीकडच्या संत्रावाल्याला हे उदाहरण लगेच पटेल. झाडावर फळ लहान असतानाच व्यापारी येतो आणि पूर्ण बहाराचा उक्ता भाव सांगतो. गारपीट झाली, गळ झाली, भाव पडला तरी शेतकऱ्याचे पैसे पक्के. भाव चढला तर नफा व्यापाऱ्याचा. कोणी बाग उक्ती देतो, कोणी तोडून मंडीत नेतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. घरात लग्न आहे का, कर्ज किती, अंगात ताकद किती, यावर ते ठरतं.

बीबरने केलं ते असंच, फक्त एका बहाराचं नाही. झाडं जिवंत असेपर्यंतच्या सगळ्या बहारांचं. शब्द-चालीतला आपला हिस्सा आणि रेकॉर्डिंगमधून त्याला मिळणारी रॉयल्टी, दोन्ही त्याने देऊन टाकलं. रेकॉर्डिंगची मालकी आधीपासूनच युनिव्हर्सल या मोठ्या कंपनीकडे होती, ती तशीच राहिली.

घेणाऱ्याचा हिशोबही साधा आहे. जुनं गाजलेलं गाणं लोक दरवर्षी ऐकतातच. 'बेबी'वर नाचलेली पोरगी उद्या आपल्या लेकराच्या वाढदिवसाला तेच लावणार. गाण्याचा हक्क लिहिणाऱ्याच्या मरणानंतरही कित्येक दशकं चालतो. म्हणजे हे पाणी लवकर आटणारं नाही. गुंतवणूक कंपन्या शेतजमीन किंवा इमारत घेतात तशी आता गाणी घेतात.

याआधी बॉब डिलनने 2020 मध्ये आणि ब्रूस स्प्रिंगस्टीनने 2021 मध्ये आपली गाणी विकली. पण डिलन तेव्हा 79 वर्षांचे होते आणि स्प्रिंगस्टीन 72. आयुष्यभराची कमाई मागं ठेवताना वाटणीची भानगड नको, म्हणून म्हाताऱ्या माणसाने वावर विकून पैसा करावा, हे समजतं. 28 वर्षांच्या पोराने विकणं म्हणजे पुढची 40-50 वर्षं आपलंच गाणं रेडिओवर ऐकायचं आणि त्याचा पैसा दुसरीकडे जाताना पाहायचा.

2024 मध्ये बीबरला मुलगा झाला. बापाची ती 290 गाणी पोराने मोठेपणी ऐकली, तर त्याच्यासाठी त्यात आवाज असेल, हिस्सा नसेल. त्याबदल्यात रोख 1600 कोटी होते, ही गोष्टही तेवढीच खरी. बीबरने जे विकलं ते वकील, हिशोबनीस बसवून, किंमत ठरवून विकलं. आपल्याकडं तेच काम फुकटात आणि न वाचता होतं, खरा फरक इथं आहे.

एक सातबारा हातात असला तरी काय करता येतं?

बीबरला शोधणाऱ्या त्याच स्कूटर ब्रॉनचं नाव दुसऱ्या एका मोठ्या भांडणातही आलं. 2019 मध्ये त्याच्या कंपनीने टेलर स्विफ्ट या गायिकेची जुनी म्युझिक कंपनी विकत घेतली. कंपनीसोबत तिच्या पहिल्या सहा अल्बमची रेकॉर्डिंगंही ब्रॉनकडे गेली. तिला ते मान्य नव्हतं, पण दुसरा सातबारा तिच्या नावावर नव्हताच.

पहिल्या सातबाऱ्यावर मात्र तिचं नाव होतं, कारण गाणी तिने स्वतः लिहिली होती. मग तिने काय केलं? तीच गाणी पुन्हा नव्याने रेकॉर्ड केली. 2021 पासून असे चार अल्बम आणले आणि चाहत्यांना नव्या आवृत्त्याच ऐका म्हणून सांगितलं. लोकांनी ऐकल्या. शेवटी मे 2025 मध्ये तिने जुनी रेकॉर्डिंगंही परत विकत घेतली. लिहिणाऱ्याने आपला हक्क राखला तर काय होऊ शकतं, याचं याहून मोठं उदाहरण नाही.

आपल्या देशातला कायदा काय म्हणतो?

भारतात कॉपीराईट कायदा 1957 चा आहे. 2012 मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. गीतकार जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी जोर लावला होता. त्यातल्या गावातल्या कलाकाराच्या कामाच्या गोष्टी अशा:

1. गाणं लिहिलं, चाल बांधली, की हक्क आपोआप तयार होतो. नोंदणी केली तर पुरावा म्हणून बरी पडते, पण तिच्याशिवाय हक्क नाही असं नाही.

2. शब्द आणि चालीचा हक्क लिहिणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मरणानंतर 60 वर्षं चालतो. म्हणजे वावरासारखाच तो लेकरा-नातवांपर्यंत जातो.

3. हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचा तर लेखी आणि सहीनिशी करावा लागतो. तोंडी बोलण्याने मालकी हलत नाही. कोणत्या गाण्याचा, कोणता हक्क, किती वर्षांसाठी, कुठल्या भागासाठी आणि किती पैशात, हे लिहिलेलं पाहिजे.

4. करारात मुदत लिहिलीच नसेल, तर ती 5 वर्षं धरली जाते. भाग लिहिला नसेल, तर फक्त भारत धरला जातो. म्हणूनच कंपन्यांच्या कागदात 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगासाठी' हे शब्द हमखास असतात. ते दोन शब्द शोधा.

5. हक्क दिला तरी गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा मागायचा अधिकार कायद्याने राखून ठेवलाय. तो वारसांना किंवा कॉपीराईट सोसायटीला देता येतो, कंपनीला लिहून देता येत नाही. ही रॉयल्टी गोळा करून वाटायचं काम आयपीआरएस, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राईट सोसायटी करते. गीतकार आणि संगीतकारांना तिचं सभासद होता येतं.

6. 18 वर्षांखालच्या मुलाने स्वतः केलेला करार कायद्यात टिकत नाही, म्हणून कंपनी आई-बापाची सही मागते. आईबाबांनो, ती सही तुमची असते. पोरगं नाचतंय, सगळे खूश आहेत, म्हणून लगेच पेन हातात घेऊ नका.

दुसऱ्याचं गाणं गायलं तर?

बीबरने सुरुवात केली तशी आपलीही पोरं दुसऱ्यांची गाजलेली गाणी गाऊन व्हिडिओ टाकतात. त्यात शिकायला मिळतं, नाव होतं. पण यूट्यूब ते गाणं ओळखतं आणि 'कॉपीराईट क्लेम' येतो. घाबरू नका. क्लेमचा अर्थ सहसा एवढाच, की त्या व्हिडिओच्या जाहिरातीचा पैसा मूळ मालकाकडे जाईल. 'स्ट्राईक' मात्र गंभीर. 90 दिवसांत तीन स्ट्राईक झाले तर चॅनल बंद होऊ शकतं.

उलटंही खरं आहे. तुमचं स्वतःचं गाणं तुम्ही एखाद्या चॅनलवाल्याला दिलं आणि त्याने ते आपल्या नावाने नोंदवलं, तर उद्या तुमच्याच चॅनलवर तुमच्याच गाण्याला क्लेम येऊ शकतो.

सहीआधी एवढं पाहा

- गाणं तयार झालं त्याच दिवशी शब्द आणि कच्चं रेकॉर्डिंग स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. तारखेचा पुरावा राहतो.
- लिहिणारा, चाल देणारा, गाणारा, वाजवणारा यांची नावं आणि वाटे एका कागदावर लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. भाऊ असला तरी घ्या.
- व्हिडिओखाली सगळ्यांची नावं टाका.
- कंपनीचा करार इंग्रजीत असेल, तर मराठीत समजावून घ्या. तालुक्याच्या वकिलाला दाखवायला लागतील तेवढे पैसे लागू द्या.
- 'वन टाईम पेमेंट' लिहिलं असेल, तर तो उक्ता सौदा आहे हे समजून किंमत सांगा.
- जमलं तर मालकी देऊ नका, ठराविक वर्षांसाठी वापरायला द्या. वावर विकणं आणि ठेक्याने देणं यात जो फरक आहे, तोच हा.
- मोबाईलवर 'आय ॲग्री' दाबणं हीसुद्धा संमती धरली जाऊ शकते. दाबायच्या आधी वाचा.

बीबरचं पुढं काय झालं?

गाणी विकली म्हणून बीबरचं गाणं थांबलं नाही. स्टेजवर तो आजही 'सॉरी' म्हणू शकतो, त्याला कोणाची मनाई नाही. फक्त त्यातला शब्द-चालीचा पैसा आता नव्या मालकाच्या खात्यात जातो. जुलै 2024 मध्ये अंबानींच्या घरच्या लग्नातल्या संगीत कार्यक्रमासाठी तो मुंबईला येऊन गेला, तेव्हाही हीच जुनी गाणी गायला.

मग जुलै 2025 मध्ये त्याने फारशी जाहिरात न करता 'स्वॅग' नावाचा नवा अल्बम आणला आणि त्यातलं 'डेझीज' बिलबोर्डवर दोन नंबरपर्यंत गेलं. 2023 चा सौदा फक्त 2021 पर्यंतच्या गाण्यांचा होता. म्हणजे ही नवी गाणी त्या सौद्यात नाहीत. जुनी बाग गेली, पण पठ्ठ्याने नवीन कलमं लावली.

आपल्या गावातल्या पोरांची तर पहिलीच कलमं आहेत. ती वाढतील का, फळ धरतील का, हे आज कोणी सांगू शकत नाही. 2007 मध्ये स्ट्रॅटफर्डच्या त्या स्पर्धेतही, पहिला नंबर न आलेल्या पोराबद्दल कोणाला सांगता आलं नसतं. म्हणून सातबाऱ्यावर नाव पहिल्या दिवशीच लावायचं असतं.

तुमच्या गावात कोणी गाणं लिहीत असेल, गात असेल, वाजवत असेल, तर ही माहिती त्याच्यापर्यंत नक्की पोचवा.